लाकूडवाली मॅडम

आत्या कुणालाही आधी एकच प्रश्न विचारायची, "खाली लाकूड ठेवलं का?" ड्रिल मशीनवर लोखंडाला भोक पाडताना खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा लागतो, नाहीतर ड्रिलचं टोक आरपार जाऊन मशीनच्या टेबलात घुसतं. प्रश्नाचा अर्थ एवढाच, पण आत्याने तो वर्कशॉपपुरता ठेवला नाही. माझं लग्न ठरलं, मी नोकरी बदलली, मित्राच्या भांडणात मध्ये पडलो, दर वेळी तेच. चिडून "हौ, ठेवलं" म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असायचा, "कोनतं?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. आमच्या हिंदी राज्यातल्या एका सरकारी आयटीआयमध्ये तिने तीस वर्षं फिटरच्या पोरांना हिंदीतून शिकवलं. सुती साडी, वर खाकी एप्रन, घट्ट अंबाडा आणि नखांत कायमचं काळं वंगण. लग्नकार्यालाही ती त्याच अवतारात जायची, एप्रन तेवढा काढून. पोरं मागे तिला लाकूडवाली मॅडम म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आवडायचंही, पण तसं कबूल करेल तर ती आत्या कसली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिला कळलं, की संस्थेतलं जुनं ड्रिल मशीन भंगारात निघालंय. माणसापेक्षा उंच, बिडाचं, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारं विलायती धूड. ती नोकरीला लागली तेव्हाच ते म्हातारं होतं. भंगारवाल्याच्या दारात दिवसभर बसून तिने ते सोडवलं आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये आणून उभं केलं. मी कचेरीत फायली सांभाळणारा माणूस, पण दर रविवारी मला त्या मशीनसमोर बसवण्यात आलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

मला वस्तू चकचकीत लागतात आणि लवकर लागतात. ग्राइंडर लावून एका दुपारी सगळा गंज उडवून टाकावा, असं माझं म्हणणं. आत्या रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या एकेका भागाला गुंडाळायची आणि आठ-आठ दिवस हात लावू द्यायची नाही. "त्याले घाई नाई, तुलेच काहून?" असं म्हणून ती मला चहा करायला पाठवायची. असे दोन हिवाळे गेले.

मशीनच्या गोल टेबलावर तेवीस खळगे होते. लाकूड ठेवायला विसरलेल्या एकेका पोराने पाडलेले. गंज निघाला तसे ते वर आले आणि आत्या त्यांत बोट घालून नावं घेऊ लागली. हा लांजीचा धनराज, फार गप्पिष्ट. ही यशोदा, फिटरच्या वर्गातली पहिली मुलगी, खळगा पाडून वर आत्यालाच म्हणाली की टेबल मऊ आहे. आत्या हसायची, मग तोंड वाकडं करायची. "माह्या शिकवण्याचा कलंक हाये हा. एक दिवस सारे भरून घेतो मी." हे ती इतक्यांदा म्हणाली, की मी ते खरं धरून बसलो.

एका खळग्यापाशी मात्र ती हसत नसे. तो काठाजवळचा, सगळ्यांत खोल. बिरस्याकडच्या जंगलातल्या गावाहून आलेला सुखलाल, पहिलाच आठवडा. त्या दिवशी वरचे साहेब तपासणीला आले होते आणि त्यांच्यासमोर हा प्रकार झाला. आत्या सगळ्यांदेखत त्याला म्हणाली, की जा, घरी जाऊन लाकडंच तोड. तो गेला, आणि परत आला नाही. ती बसने दोनदा बिरस्याला गेली. घरच्यांनी सांगितलं, पोरगा नागपूरकडे कामाला गेला, पत्ता नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, चिंधी पिळता पिळता, माझ्याकडे न बघता.

मग आत्या विसरायला लागली. आधी गॅस, मग दुपारचं जेवण, मग माझ्या बायकोचं नाव. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. माझ्या डोक्यात एकच घोळू लागलं: मशीन तिला ओळखता येतंय तोवर ते चालू झालं पाहिजे, तिच्या हाताने. खळग्यांची नावं ती अजून एकही न चुकता घेत होती. ते मी ऐकत होतो आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता, याची आजही मला लाज वाटते.

दिवाळीत माझी बहीण तिला पंधरा दिवसांसाठी गोंदियाला घेऊन गेली. मी टेबल उतरवलं आणि वारासिवनीला राइस मिलचे भाग दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेलं. त्याने सगळे खळगे भरले आणि लेथवर टेबल असं सपाट केलं, की त्यात तोंड दिसावं. मी अंगाला हिरवा रंग दिला, नवा पट्टा चढवला. मी फार खूश होतो.

आत्या आली. तिने मशीनच्या खांबावर हात ठेवला, मग टेबलावर. बोट फिरत राहिलं, काठापासून मध्यापर्यंत, पुन्हा काठापर्यंत.

"हे टेबल आपलं नोहे," ती म्हणाली.

आपलंच आहे, तू म्हणायचीस तसे खळगे भरून घेतले, असं मी सांगितलं. तिने वाकून टेबलाखाली पाहिलं.

"मंग पोट्टे कुठी गेले?"

त्यानंतर ती शेडमध्ये आली नाही. मी तिच्याजवळ बसून नावं विचारायचो. धनराज, यशोदा, सुखलाल, ही तीन मीच तिला सांगायचो आणि ती सभ्यपणे मान हलवायची. उरलेली वीस मी कधी लिहून घेतली नव्हती. बोटाला खळगा लागला की तिला नाव सापडत होतं, आणि मी ती जागाच बुजवून आलो होतो. बायको म्हणायची, तुम्ही प्रेमाने केलं. केलं खरं, पण खाली लाकूड ठेवलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मला ते सहन होईना. मशीन सुरू केलं, टेबलाच्या काठाजवळ लोखंडाची पट्टी धरली, खाली काहीही न ठेवता, आणि दांडा दाबत गेलो. आपल्याच हाताने ते गुळगुळीत टेबल खराब करताना मला रडू आलं. मग आत्याला हाताला धरून आणलं आणि तिचं बोट त्या खळग्यात ठेवलं. तिने तिथेच बोट फिरवलं. एकदम मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"सुखलाल, आ गया तू?"

आत्या माझ्याशी जन्मात हिंदीत बोलली नव्हती. हिंदी तिच्या वर्गातली.

"जी, मॅडम," मी म्हणालो.

"इतनी देर लगा दी. बैठ. अब नहीं डाँटूँगी."

मी बसलो. तिने पदराने माझ्या हाताचं वंगण पुसलं. त्यानंतर ती रोज शेडमध्ये येऊ लागली आणि शेवटपर्यंत मी सुखलालच राहिलो. भाच्याचं नाव तिला पुन्हा आठवलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पावसाळ्याआधी ती गेली.

मशीन अजून शेडमध्ये आहे. शेजारीपाजारी फाटकाची बिजागरी नाहीतर नांगराचा फाळ घेऊन येतात, मी भोक पाडून देतो, ठोकळा आधी ठेवतो. एवढ्या सुंदर टेबलाला हा एकच खळगा कुणी पाडला, असं प्रत्येक जण विचारतो. मी सांगतो, बिरस्याच्या सुखलालने.