वांगी भाजता भाजता गेलेलं पुढारीपण

जळगावात व्हिडिओ गेम बनतात असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या ऑफिसात बनत होते. गेममधली झाडंझुडपं मी काढायचो. सगळ्यांत जुना मीच. गेम निघायची वेळ आली की रविवारही ऑफिसातच जायचा, आणि गेमच्या शेवटी नाव मात्र एकट्या मालकाचं. युनियन काढू या, हे सर्वांत आधी मी म्हणालो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण बाकी कोणाच्याच ते लक्षात राहिलं नाही.

पहिली बैठक यावलजवळ माझ्या मामांच्या मळ्यात ठेवली. हिवाळ्यात माणसं जमवायची तर आमच्याकडे भरीतच लागतं, आणि ज्याने बोलावलं त्यानेच ते करायचं. मी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी टाकली. बांधावरून एकजण ओरडला, "भाऊ, तू वांगा देख, आम्ही बठ्ठं ठरावतस." म्हणजे वांगी माझी, बाकी सगळं तेच ठरवणार.

लाकडी बडगीत भरीत घोटून, पातेलं घेऊन गेलो, तोवर मालकाशी बोलायला धुळ्याची ती मुलगी निवडून झाली होती. ऑफिसात येऊन वर्षही न झालेली! टाळ्या वाजवायला माझे हात मोकळे नव्हते, तेवढंच बरं झालं. वर तीच म्हणाली, "भाऊ, भरीत एक नंबर." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे ती बोलायला लागली की मी तिच्या चुका शोधायचो. सापडत नसत, त्याचा जास्त राग यायचा.

मग मालकाने मला एकट्यालाच केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. "अरे, सीनियर तू. ती कालची पोरगी कशी काय पुढारी? तू यातून बाहेर पड, या गेमला तुझं नाव टाकतो."

अगदी माझ्याच मनातलं वाक्य. बैठकीपासून कोणीतरी हे म्हणावं म्हणून मी झुरत होतो आणि म्हणणारा निघाला हा! त्याच्या तोंडून ते फार घाणेरडं वाटलं.

"जे काय असेल ते तिच्याशीच बोला," असं म्हणून मी उठलो. दारापर्यंत येईतो पस्तावलोही.

पुढच्या रविवारी ऑफिसात कोणीच गेलं नाही, तेव्हा मालक तिच्याशी बोलायला बसला.

गेम निघाला त्या दिवशी आम्ही सगळे एका स्क्रीनसमोर गोळा झालो. शेवटी सगळ्यांची नावं आली, आडनावांच्या अक्षरांप्रमाणे. तिचं बरोब्बर माझ्या वर. या वेळी माझे हात मोकळे होते. टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात, आणि जळतही होतो.