गल्लीतून गेला बडग्या

महापालिकेच्या सभागृहात बाक वाजले की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहिलं नाही. मी जुन्या नागपुरातल्या एका वॉर्डाची नगरसेविका होते, पहिलीच टर्म, आणि विषय होता आमच्या मोहल्ल्याच्या दरवाजाच्या दुरुस्तीचा. दरवाजा म्हणजे भोसल्यांच्या काळातली उंच दगडी कमान. हेरिटेजच्या यादीत तिचं नाव होतं. बराचसा निधी सरकार देणार होतं, थोडा वाटा महापालिकेनं घालायचा होता. मी उठले आणि म्हणाले, "मेल्या दगडांले पैसे देता, अन् जित्या माणसाच्या गडर लाइनले नाही?" सभागृह हसलं, बाक वाजले, दुरुस्तीचा विषय बारगळला आणि आमचा वाटा गटाराच्या नव्या पाइपांकडे वळला. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. तो कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून चिकटवायची लाज वाटली.

गडर लाइन पाहिजेच होती, हे मी आजही म्हणते. आमच्या गल्लीत लाइन तुंबली की घाण पाणी मोरीतून वर यायचं, आणि त्याच पाण्यात पाय घसरून माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून त्या समोरच्या खोलीत दिवाणावर. जिनं ते पाणी फडक्यानं टिपलंय तिला कमानीवरच्या नक्षीचं कौतुक कोणी सांगू नये. शिवाय हेरिटेजच्या नावाखाली काय होतं तेही मी पाहत होते. रंगीत दिवे लागतात, फीत कापली जाते, फोटो निघतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिव्यांची वायर कोणीतरी कापून नेतो. आपला हेका असा एकदा पक्का झाला की दुसरी बाजू ऐकायची सवय सुटते. सरकारचा निधी आमच्या वाट्यावर अडकलेला होता, वाटा नाकारला म्हणजे सगळाच निधी गेला, हे मला माहीत होतं. पण बाक वाजत असताना ते कोण आठवतं!

पोळ्याला महिना राहिला असेल. झोनचे इंजिनीअर मला गडर लाइनच्या खोदकामावर शोधत आले. म्हणाले, "मॅडम, कमानीची फट वाढून राहिली. दुरुस्ती तर आता होत नाही. खालचा रस्ता बंद करा लागते. तुमची ना हरकत पाहिजे." मी स्कूटीच्या सीटवर फाइल ठेवून उभ्याउभ्या सही केली. एक कटकट मिटली म्हणून बरंच वाटलं. दोन दिवसांत दरवाजाच्या दोन्ही तोंडांना लाकडी बल्ल्या आणि टिनाचे पत्रे लागले.

त्यानंतर चार दिवसांनी सासूबाई दिवाणावर बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग औंदा बडग्या कुठून जाईन वं?"

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

बाहेरच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणारी बाईच्या रूपातली पुतळी, आणि तिच्यासोबत मोहल्ल्यामोहल्ल्याचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, भाताचं तणस आणि कागदाचा मोठा पुतळा. वर्षभराची रोगराई, महागाई, नकोशी झालेली माणसं, सगळं त्याच्या अंगावर घालायचं, त्याला वस्तीबाहेर न्यायचं आणि जाळायचं. आमचा बडग्या दरवाजातूनच बाहेर पडतो. त्या रस्त्यावर दुकानं आणि शाळेची भिंत आहे, कोणाच्या घराचं दार नाही. दुसरी वाट म्हणजे आमची गल्ली, आणि तिथं दोन्ही बाजूंनी दारंच दारं. पीडा कोणाच्या उंबऱ्यासमोरून न्यायची नाही, हा आमच्याकडचा नियम. मी याच मोहल्ल्याची लेक आणि याच मोहल्ल्याची सून. वडिलांच्या खांद्यावर बसून मी दरवर्षी त्या कमानीखालून गेले आहे. धरमपेठेसारख्या नव्या वस्तीतला कोणी हे विसरला असता तर समजू शकते. मी विसरले!

त्या दिवसापासून जेवण जाईना. मी इंजिनीअरना फोन केला, एका दिवसापुरते पत्रे काढता येतील का म्हणून. ते म्हणाले, "काढता येते मॅडम, पण ढोल, डीजे, एवढी पब्लिक. मी लिहून नाही देणार. तुम्ही लिहून देता का?" मी फोन ठेवला. डोळ्यांसमोर कमान खाली येताना दिसायची, खाली माणसं, पोरं. पत्रे ठेवले तर लोक ते उखडून आत घुसतील, हीसुद्धा भीती. दिवसातून तीनतीनदा मी दरवाजापाशी जाऊन त्या फटीकडे पाहून यायची. फट रोज मोठी वाटायची. पान टपरीवाला म्हणाला, "काहून रोज येऊन राहिल्या मॅडम? पाहून का भरून निघते का ते?"

आणखी एक भीती होती, ती मी कोणालाच सांगितली नाही. नागपुरात पुढाऱ्याचा बडग्या होणं ही काही नवलाची गोष्ट नाही. यंदा आमच्या मोहल्ल्याला दुसरं कोण सापडणार होतं? साडी नेसवलेला, हातात पाइप दिलेला पुतळा मला दिसत होता. गळ्यात पाटी, पाटीवर माझंच सभागृहातलं वाक्य.

शेवटी मी काकांकडे गेले. काका म्हणजे आमचा बडग्या बांधणारे, माझ्या वडिलांचे दोस्त, पूर्वी मिलमध्ये होते. त्यांच्या अंगणात ताडपत्रीच्या आड काम चाललेलं. मला पाहून ते बांबूच्या कमच्या खाली ठेवत बाहेर आले आणि ताडपत्री नीट ओढून घेतली.

"काका, कोणाचा आहे औंदा?"

"हे सांगत नसतात. तुले मालूम आहे."

"माझं चुकलं का काका?"

"गडर लाइनचं? नाही वं पोरी. तुयी सासू पडली तं आम्हीच उचलून नेली होती दवाखान्यात. लाइन पाहिजेच होती." ते खाटेवर बसले. "पण तू तिथं दरवाज्याले मेला दगड म्हणली. आम्ही तुले मत दिलं तं का एकाच कामासाठी दिलं होतं? दोन्ही माग्याचं होतं. नाही भेटलं असतं तं नाही. पण माग्याचं तं होतं."

पत्रे काढू की ठेवू, एवढं मी विचारलं. काकांनी सुतळीचा गुंडा हातात फिरवला. मग म्हणाले, "ठेव. माणूस मेला तं बडग्या काढून फायदा काय? पण लोकांले तू सांग. मी नाही सांगत."

मारबतीच्या दिवशी सकाळपासून मी पत्र्यांसमोर उभी होते. सोबत दोन पोलीस. नवरा मिहानातल्या कंपनीत ड्युटीवर, सासूबाई घरी एकट्या. ढोल जवळ आले तशी मी पत्र्यांना पाठ लावून उभी राहिले. ताडपत्री निघालेली होती, आणि बडग्या माझा नव्हता. डेंग्यूचा मच्छर होता, लांब सोंडेचा, दोन्हीकडे पसरलेल्या भल्यामोठ्या हातांचा. मला हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, लगेच त्या हायसं वाटण्याची शरमही वाटली.

गर्दी पत्र्यांपाशी येऊन थांबली. "काढा ना पत्रे!" कोणीतरी ओरडलं. एकानं पत्र्यावर लाथ मारली आणि कमानीतून माती खाली सांडली. तेवढीच. पण मी इतकी घाबरले की पोलिसांकडच्या माईकची वाट न पाहता ओरडले, "सही माझी आहे! दुरुस्तीचे पैसे मीच वळवले अन् रस्ता मीच बंद केला. शिव्या मले द्या, पण आत जाऊ नका!"

शिव्या मिळाल्या. पुष्कळ मिळाल्या. मग काकांनी हात वर केला आणि बडग्याचं तोंड आमच्या गल्लीकडे वळवलं.

तो गल्लीत मावेना. काका दरवर्षी दरवाजाच्या मापानं बांधतात. त्यांचा हात त्याच मापाला बसलेला. गॅलऱ्या, केबलच्या तारा, कुलरची स्टँडं. काकांनी कोणाच्या तरी घरून करवत मागवली आणि स्वतःच्या हातानं बडग्याचे दोन्ही हात कापले. महिनाभर ज्याला त्यांनी पोरांना शिवू दिलं नव्हतं त्याला ते कापत होते, आणि ढोल थांबले होते. कापलेला एक हात त्यांनी एका तरुण पोराकडे दिला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"मागं ठेवता येत नाही. पीडा पुरी गेली पाहिजे. घे."

मी तो खांद्यावर घेतला. तणस मानेला टोचत होतं. ढोल पुन्हा सुरू झाले आणि गल्लीत शिरताच बायका दारं लावू लागल्या. आमच्या पुढं पुढं कड्या वाजत गेल्या. मी बीएस्सी झालेली बाई, या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी लागणाऱ्या दारागणिक मी खाली पाहत होते. हे सगळे माझे मतदार. कोणाच्या दारापुढून कधी न गेलेलं मी त्यांच्या दारापुढून नेत होते.

आणि मग मला आमचं दार दिसलं. सताड उघडं. सासूबाईंना ढोल ऐकायचे होते म्हणून सकाळी मीच उघडं ठेवून आले होते. त्यांना उठता येत नाही. मी गर्दीतून पुढे पळाले, पण उंबऱ्याशी येऊन थांबले. बडग्याचा हात खांद्यावर घेऊन दाराला शिवू कशी? खाली ठेवू तर आमच्याच दारात ठेवू? "आई, दार लावा कोणाले तरी सांगून!" मी ओरडले. ढोलांत मलाच माझा आवाज ऐकू आला नाही. मागून गर्दी रेटत होती, बडग्या आलाच होता, आणि सगळे एका सुरात ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!"

सासूबाई दिवाणावर बसून सरळ माझ्याकडे पाहत होत्या. बडग्याकडे नाही, माझ्याकडे. त्यांनी दोन्ही हात जोडले. ओठ हलले. आवाज पोचला नाही, पण त्या दिवशी सगळा मोहल्ला जे म्हणत होता तेच त्या म्हणत होत्या.

घेऊन जा गे.

मी बडग्याचा हात नीट खांद्यावर घेतला आणि पुढे चालू लागले.