आमची गुरुवारची उपासना

सातवीतच शाळा सोडली आणि पुढं जालन्याकडून चाकणला कामाला आलो. पहिले काही रविवार थेरगावच्या चर्चच्या मंडळीत उपासनेला गेलो. मग कंपनीत सुट्टी गुरुवारची लागली आणि उपासना सुटली. चार महिन्यांत प्रार्थनाही सुटली. खोलीवर एकटा पडून वाटायचं, देवाकडे आपला पत्ता गावाकडचाच असणार.

एका गुरुवारी सकाळी दार वाजलं. मंडळीतल्या वयस्कर मावशी, पाळकसाहेब आणि रिक्षावाले काका दारात उभे. मी घाबरलो. म्हटलं, "घरून काही निरोप आहे का?"

"निरोप कसला? तुला रविवारी जमेना, म्हणून आम्हीच आलो," मावशी म्हणाल्या. "आधी ती चादर झटक."

सकाळची भाडी सोडून काकांनी सगळ्यांना आणलं होतं. चटईवर बसून गीत गायलं. बायबलमधलं शास्त्र वाचायला माझ्याकडे दिलं तेव्हा मी अडखळलो. काका म्हणाले, "सावकाश वाच भावा, तुझी शिफ्ट उद्या हाय." सगळे हसले, मीही. मग मावशींनी माझ्यासाठी, आईसाठी प्रार्थना केली. दर रविवारी करतच होत्या म्हणे. मी प्रार्थना सोडली होती तेव्हाही माझ्या वाटची आशा त्यांनी धरून ठेवली होती.

नोकरी जायची धास्ती तेव्हाही होती, अजून आहेच. पण आता माझ्या खोलीत दर गुरुवारी आम्ही गुरुवारच्या सुट्टीवाले अकरा जण उपासनेला बसतो, हे मी छाती फुगवून सांगतो. कुणी दोन गुरुवार दिसला नाही, की मी त्याच्या खोलीवर जातो. परवा एकानं दार उघडून घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, "काय झालं?"

म्हटलं, "काही नाही. चादर झटक."