पोफळ्याची चौथी चौकट

भालचंद्र निसळ गेल्याची बातमी मला आमच्या वृत्तपत्राच्या माजी कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कळली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहून कोणीतरी त्यांच्या ‘पोफळे’ या चित्रमालिकेचा जुना तुकडा टाकला होता. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्यातल्या निम्म्या लोकांनी ती मालिका कधी नीट पाहिली नव्हती आणि उरलेल्यांनी तिच्याविरुद्ध संपादकांकडे तक्रारी केल्या होत्या. टाकलेल्या तुकड्यात तीन चौकटी होत्या. निसळांनी आयुष्यात तीन चौकटींचे चित्र काढले नाही. ते चार काढत. चौथी मी कापत असे.

मी तेव्हा रविवार पुरवणी पाहत होतो. ‘पोफळे’ पुरवणीच्या शेवटच्या पानावर, एकाखाली एक अशा चार चौकटींत येई. मालिका मोठ्यांसाठी होती. मुलांनी वाचू नये असे पालकांना वाटे, आणि ते बरोबर होते. पोफळे हा पन्नाशीतला कारकून. वडिलांची धायरीची जमीन विकून त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तो फ्लॅट घेतो आणि लिफ्ट बंद पडली की आपल्याच शेताच्या आठवणीने चार मजले चढतो. तो भित्रा होता, लाचार होता, संधी मिळेल तिथे लहानसहान लबाडी करायचा आणि तीही त्याला जमायची नाही. निसळांना त्याच्याबद्दल काडीचेही प्रेम नव्हते. “पुण्यात सगळेच दुसऱ्याची चूक काढतात,” ते म्हणत. “हा एकटा माझ्या हातात सापडलाय. मी का सोडू?”

एका शनिवारी संध्याकाळी गाद्यांच्या सेलची जाहिरात उशिरा आली. पान भरलेले होते. बातमीत महत्त्वाचे वर असते आणि जागा कमी पडली की खालून कापायचे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले जाते. मी खालून कापले. त्या रविवारच्या चित्रात सोसायटीच्या सभेत पोफळे उभा राहतो, तळमजल्यावरच्या भाडेकरूंचे पाणी बंद करणाऱ्या चेअरमनला सुनावतो आणि तिसऱ्या चौकटीत चेअरमन मान खाली घालतो. एवढेच छापले गेले. चौथ्या चौकटीत पोफळे घरी टाकीला चोरून जोडलेल्या नळीने बादल्या भरत बायकोला सांगत होता, “दार लावून घे, खालचे बघतील.”

सोमवारी निसळ कार्यालयात आले आणि माझ्या टेबलावरचा कापलेला तुकडा त्यांनी उचलून घेतला.

“कुणी कापलं?”

“मी.”

“वाचून कापलंत की मोजून?”

“मोजून. जाहिरात आली होती.”

“मग ठीक आहे. वाचून कापलं असतंत, तर आपल्याबद्दल आदर वाटला असता.”

बुधवारपर्यंत पत्रांचा ढीग आला. पोफळ्याला अखेर कणा फुटला, असे कर्वेनगरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिले होते. आपल्याही सोसायटीत असा पोफळे हवा, असे कळवणाऱ्यांत तीन चेअरमन होते. इतकी वर्षे ज्या माणसात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता म्हणून ते चिडत होते, तो एका जाहिरातीमुळे त्यांना आवडू लागला. संपादकांनी मला बोलावून सांगितले, “यापुढे तीनच. रविवारी सकाळी लोकांना जिंकलेला माणूस बघायचा असतो.”

निसळ मालिका बंद करतील असे मला वाटले होते. त्यांनी ती बंद केली नाही. “बंद केली तर पोफळ्याला हुतात्मा करतील. तेवढा मान मला त्याला द्यायचा नाही. चौथी मी काढणार. पण ती आपण माझ्यासमोर कापायची. स्वतःच्या हाताने.”

त्यानंतर मालिका चालू असेपर्यंत दर गुरुवारी निसळ स्वारगेटला बस बदलून कार्यालयात येत. जाड कागदावरचे पूर्ण चित्र माझ्यापुढे ठेवत आणि म्हणत, “कापा, साहेब.” मी कात्री चालवायचो. चौथी चौकट ते पाकिटात घालून परत नेत. चहा कधी घेतला नाही. “हात छान बसलाय आपला,” एवढे एकदा म्हणाले. एका गुरुवारी संपादक रजेवर होते. मीच विषय काढला. “या वेळी राहू द्या, कुणी विचारणार नाही.”

“मग छापा.”

मी चित्राकडे पाहिले. मग दाराकडे... आणि कापले. निसळांनी पाकीट पुढे केले. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना आश्चर्य.

पुढे पुरवणीची पाने घटली, मालिका संपली. कार्यालय हलले तेव्हा तीन-तीन चौकटींची मूळ चित्रे रद्दीत गेली. मग सत्कार सुरू झाले. ‘सामान्य माणसाला उभे करणारा चित्रकार’ म्हणून निसळांना शाली मिळाल्या. ते जात, शाल घेत आणि एकच वाक्य बोलत, “आपण माझं पाऊण काम पाहिलंत, आभारी आहे.” श्रोते हसत. त्यांना तो विनय वाटे.

शोकसभेतही तेच झाले. एक माजी नगरसेवक म्हणाले, “पोफळे हरला नाही! पोफळे कधीच हरणार नाही!” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कोणाला आठवले नाही. बोलणाऱ्यांत माझे नाव होते. पुकारल्यावर मी घसा बसल्याची खूण केली.

दोन आठवड्यांनी निसळांची मुलगी मृणाल हिचा फोन आला. एका प्रकाशकाला निवडक ‘पोफळे’ काढायचे होते आणि प्रस्तावना माझी हवी होती. मी कर्वेनगरला निसळांच्या घरी गेलो. तिने बुटांची चार खोकी समोर ठेवली.

“काका, ही सुटी चित्रं कसली? प्रत्येकाची वरची कड कापलेली आहे. बाबांनी कधी सांगितलं नाही.”

मी सांगितले. तिने एक चौकट उचलून कापलेल्या कडेवरून बोट फिरवले.

“म्हणजे दर गुरुवारी बाबा हे कापून घ्यायला जायचे?”

“हो.”

“आणि तुम्ही कापायचात.”

“हो.”

तिने माझ्यासमोरच प्रकाशकांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. चारही चौकटी छापा, नाहीतर पुस्तक नको, असे तिने सांगितले. “अहो ताई,” ते म्हणाले, “लोक हे पुस्तक वाढदिवसाला भेट देतील. शेवटी असला माणूस निघाला तर कुणाला देणार?” मृणालने फोन ठेवला आणि मला विचारले, “वरच्या तीन चौकटी कुठे मिळतील?”

वृत्तपत्राच्या जुन्या फायलींत त्या मिळाल्या. मी झेरॉक्स आणल्या. आता आठवड्यातून दोन सकाळी आम्ही निसळांच्या खोलीत बसून वर-खाली जुळवतो. चौकटींच्या मागे तारीख नाही. पाण्याची मला लगेच सापडली. पुढे काम अडते, कारण मृणाल एकच चौकट चार ठिकाणी ठेवून पाहते आणि ती चारही ठिकाणी बसते. मग शर्टाच्या रेघा, भिंतीवरचे कॅलेंडर, चपलेचा तुटका अंगठा पाहत बसावे लागते. पुस्तक कोणी काढील की नाही, सांगता येत नाही. प्रस्तावना मी लिहिली आहे. कोणी कापले, हे तिच्या पहिल्या वाक्यात आहे. खोलीत शिरले की टेबलभर मांडलेले शंभर-सव्वाशे पोफळे एकदम समोर येतात. कोणी बादली लपवतो आहे, कोणी माफीनाम्यावर सही करतो आहे, कोणी साहेबांची छत्री धरून भिजतो आहे. नुकतेच तीन चौकटींत आपण जिंकलो, हे त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.