दुपारचं दळण

शर्यत जवळ आली की आमच्या आळीतली हायस्कुलात जाणारी मुलं माझ्या ओटीवर येऊन बसतात. यंदा त्यांत दोन मुलीही आहेत, आणि त्यांना बघून मला किती बरं वाटतं म्हणून सांगू! "आजी, दम कसा टिकवायचा ते सांगा ना," म्हणतात. आता मी बाई जन्मात कधी पळाले नाही. पळाले असेन तर दूध उतू जाताना, माजघरातून चुलीपर्यंत. पण माझ्या धाकट्या भावाला लांबचं पळणं मी शिकवलं, हे मात्र खरं. दर वर्षी तेच सांगून घसा कोरडा होतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

माझं सासर ठाण्याचं, माहेर कल्याणचं. पहिल्या बाळंतपणासाठी मी आगगाडीने माहेरी आले, ते पोटाचा हा एवढा नगारा घेऊन. भाऊ तेव्हा इंग्रजी शाळेत होता. शाळेच्या हेडमास्तरांनी मोठ्या मुलांसाठी पळण्याची शर्यत काढली होती. शाळेपासून निघायचं, खाडीवर दुर्गाडीच्या किल्ल्यापर्यंत जायचं, बंदराच्या काठाने फिरायचं, तळ्याला वळसा घालायचा आणि बाजारातून, आमच्या दारावरून, परत शाळेत.

आदल्या वर्षी काय झालं होतं, ते मला आल्या आल्या आत्याने सांगितलं. माझी ही आत्या लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली. तिची जीभ म्हणजे अडकित्ता. "तुझा भाऊ गं, निघाला तो तोफेच्या गोळ्यासारखा. किल्ल्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे! आणि बंदरावर जो बसला, तो बसलाच. परत आला तो मिठाच्या गाडीतून. गोणींवर बसून! भर बाजारातून, तुझ्या बापाच्या कचेरीसमोरून!"

वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांच्या मनाला ती गाडी फार लागली होती. ते भावाला म्हणाले, "मुरबाडच्या रस्त्याला घुंगराची काठी घेऊन टपालवाले पळतात. त्यांना पगार मिळतो. तुला काय मिळतं?" मग त्यांनी शेवटचं सांगितलं, "या वर्षी पळ. पण मध्येच बसलास, तर पळणं कायमचं बंद. पुन्हा विषय काढायचा नाही."

आणि त्या मुलाला तर पळण्याचं वेड! पहाटे तळ्याभोवती फेऱ्या मारून आला की तोंड असं उजळलेलं असायचं, की मला वाटे, याचं हे काढून घेतलं तर उरेल काय याच्याजवळ?

पहाटे मी आणि आई दळायला बसायचो. आई मला जोर लावू द्यायची नाही, मी नुसता खुंट्याला हात लावायची. एकदा भाऊ धापा टाकत आला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. मी म्हटलं, "तू रोज असाच निघतोस का रे, शेपटीला आग लागल्यासारखा?"

"मग काय, शर्यत म्हणजे जोरात पळायचं नाही तर काय रांगायचं?"

"ये इकडे. बस जात्यावर."

"हॅ! हे बायकांचं काम."

"भाकरी बरी चालते बायकांची! बस म्हणते ना."

बसला. दोन्ही हातांनी खुंटा धरून असा गरगर फिरवला, की आई मागेच सरकली. जरा वेळातच कपाळावर घाम, आणि पीठ बघावं तर नुसती भरड! आत्या आतून ओरडली, "अरे, गुरांना घालायचंय का ते?"

मी त्याला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. जातं आपल्या रागाने फिरत नाही. एकदा फिरायला लागलं की त्याचं तेच चालतं, आपण नुसता हात ठेवायचा. नवी सून पहिल्या दिवशी जोर दाखवायला जाते आणि पायली संपायच्या आत दंड धरून बसते. मीच बसले होते! आणि दळताना ओवी का म्हणायची? तर ओवी म्हणता येते तोवर दम आहे. ओवी तुटली, की हात हलका करायचा.

"तसंच पळ," मी म्हटलं. "ओवी म्हणत."

"मनात म्हणेन."

"मनात म्हटलीस तर दम कळायचा कसा? तोंडाने म्हण."

"अक्का, मुलं हसतील गं!"

"मिठाच्या गाडीला हसली, त्यापेक्षा जास्त हसतील का?"

मग मीच त्याच्यापुरती एक ओवी रचली:

*खाडीवरल्या वाऱ्या, नको करू घाई*
*बंधू माझा येतो, वाट मोठी बाई*

दुसऱ्या दिवसापासून स्वारी तळ्याभोवती ओवी म्हणत पळायला लागली. मुलांना कळायला कितीसा वेळ! "काय रे, दळण झालं का?" "सासू कशी आहे तुझी?" एकाने तर त्याच्या दप्तरात बांगडी टाकली. भाऊ घरी येऊन माझ्यावर चिडायचा. पण गंमत अशी, की फेऱ्या वाढल्या आणि धाप कमी झाली. मग चिडणंही कमी झालं. ती बांगडी त्याने मलाच दिली. म्हणाला, "घे, पोरांनी आहेर पाठवलाय."

शर्यतीच्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. वडील म्हणाले, "मला काही बघायचं नाही," आणि रस्त्याकडे तोंड करून ओटीवर बसले. हातात अडकित्ता. मी आतल्या खिडकीशी. माझे दिवस भरत आलेले, बाहेर कोण सोडणार?

पहिला मुलगा गेला. पाठोपाठ दुसरा. जरा मागे तो बांगडी टाकणारा. मग बराच वेळ कुणीच नाही. वडिलांची सुपारी कातरून कातरून भुगा झाली होती. तेवढ्यात समोरचा तेलवाला कोपऱ्यावरून ओरडला, "अहो, तुमचे चिरंजीव वळणावर उभे राहिलेत! गुडघ्यांवर हात ठेवून!"

अडकित्ता थांबला. शाळा हाकेच्या अंतरावर, आणि हा इथेच बसणार की काय! हाक मारावी तर बाजारच्या गलक्यात माझा आवाज पोचतोय कुठे?

तेव्हा आई उठली. माझी आई ओटीवर पुरुषमाणसं असली की मोठ्याने खोकायचीसुद्धा नाही. ती उठली, खिडकीखालच्या जात्याशी बसली, हाताला आलं ते सुपातलं धान्य ओतलं आणि जातं फिरवायला लागली. "वन्सं, या," एवढंच म्हणाली. आत्या समोर बसली. आणि दोघींनी खणखणीत आवाजात त्याचीच ओवी धरली. दुपारी! उन्हं अजून अंगणात असताना!

वडील दारात आले. "ही काय दळणाची वेळ आहे?"

आत्या खुंटा न सोडता म्हणाली, "पीठ संपलं, तर काय मुहूर्त काढायचा?"

भाऊ नंतर सांगत होता, "आधी घरघर ऐकू आली. मला वाटलं, पहाट झाली की काय! मग आत्याचा आवाज ओळखला आणि मला हसूच आलं. हसलो, तसा छातीतला पीळ सुटला."

मी खिडकीतून पाहिलं तर हा येतोय. सावकाश, पण येतोय. आणि खिडकीसमोर येताच गड्याने काय करावं? दुसरी ओळ मोठ्याने म्हटली! "बंधू माझा येतो, वाट मोठी बाई!" अख्खा बाजार हसला. तेलवाल्याने टाळ्या पिटल्या. बांगडी टाकणारा मुलगा आमच्या पलीकडच्या पायरीवर दम तुटून, पोटातली कळ दाबत बसला होता, त्याला मागे टाकून हा पुढे गेला. वडील ओटीवरून उतरून रस्त्याच्या मधोमध उभे होते, डोक्यावर पगडी नाही, याचं भानसुद्धा नाही.

पहिला आला नाही हं, उगाच फुशारकी कशाला मारू! तिसरा आला. पण आला तो आपल्या पायांनी.

संध्याकाळी पीठ बघतो तर तांदूळ आणि वाल एकत्र दळलेले! भाकरी होईना, पिठलंही होईना. आईने मिरची-आलं वाटून घातलं आणि धिरडी टाकली. वडिलांनी एक खाल्लं, दुसरं मागितलं.

"कसली आहेत ही?"

आई तव्याकडे बघत म्हणाली, "शर्यतीची."

वडिलांनी तिसरंही संपवलं. मग हात धुता धुता, कुणाकडेच न बघता म्हणाले, "उद्या पहाटे दळायला बसाल तेव्हा त्यालाही उठवा. तळ्यावर जायचं असेल त्याला."

भाऊ माझ्याकडे बघून असा हसला, की पोटातल्या बाळानेही पाय मारला. तोही पुढे पळणाराच निघाला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी या, मुलांनो. धिरडी मी करते. पण ओवी मोठ्याने म्हणावी लागेल.