रोशनदानाचे खिळे

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. इथे येणारे अनुभव वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसतो. भूत, संकेत, स्वप्नं... माझा कशावरच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण माझी बायको शैला मागच्या वर्षी गेली, आणि त्या दुपारबद्दल बोलू शकेल असं आता माझ्याशिवाय कोणी नाही. आमची मनू तेव्हा फारच लहान होती.

नव्वदचं दशक. बँकेने नाशिकहून लखनौला बदली केली आणि आम्ही अलीगंजमध्ये एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना माताजी म्हणे, म्हणून आम्हीही. मुलगा कानपूरला.

आमच्या खोलीवर थेट गच्ची. उन्हाळ्यात छत म्हणजे भट्टी, थंडीत बर्फाची लादी. मी स्वखर्चाने छताला आतून थर्मोकोल लावायचं ठरवलं, शिवाय दारं-खिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या. माताजींनी लगेच होकार दिला. फक्त म्हणाल्या, "बाकी जो चाहे करवाइए भैया, रोशनदान मत छेड़िएगा."

रोशनदान म्हणजे छताजवळचा झरोका, दोरीने उघडणारी काचेची झडप. सगळी थंडी तर तिथूनच आत यायची! मी त्यांच्यासमोर मान डोलावली, आणि वर येऊन झडपेला खिळे ठोकले. त्यावर थर्मोकोलचा तुकडा घट्ट बसवला.

खोली उबदार झाली खरी. पण हळूहळू कपाटामागे काळे डाग दिसू लागले, उशांना कुबट वास यायला लागला. शैला सकाळी कपाळ चोळत उठायची. "अहो, कोंदट वाटतं हो."

"थंडीत डोकं दुखतंच," मी म्हणायचो.

एका संध्याकाळी आम्ही तिघं अमीनाबादच्या बाजारातून परतलो, तर थर्मोकोलचा तो तुकडा भिंतीला टेकवून ठेवलेला. रोशनदान उघडं. आणि खिळे... खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडलेले. दाराचं कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली फक्त माताजींकडे होती. मी मुकाट्याने जास्त लांबीचे खिळे आणून ठोकले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

रविवारी गच्चीवर गल्लीतल्या बायका उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. माताजीही होत्या. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुम हमारे पीछे घर में घुसती हो? चोरों की तरह?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हमने नहीं खोला, भैया. पर खुल गया है तो खुला रहने दीजिए."

"तो किसने खोला? भूत ने?"

दोघी-तिघी हसल्या. माताजींनी कमरेची किल्ली सोडली, माझ्यापुढे ठेवली आणि खाली निघून गेल्या. दोन दिवसांनी मुलाकडे कानपूरला गेल्या.

"आईच्या वयाच्या आहेत त्या," शैला म्हणाली. "चोर काय म्हणता? आणि वर ‘तुम’?"

"आपलं नाशिकचं हिंदी असंच," म्हणून मी ते झटकलं. आणि पुन्हा खिळे ठोकले, कुलूपही बदललं.

मग जानेवारीतलं ते धुकं. दुपारी वीज गेली, हीटर बंद. मनूला सर्दी झाली होती म्हणून शैलाने कोळशाची अंगीठी पेटवून खोलीत घेतली आणि दार लावलं. गल्लीत सगळेच तसं करत. त्यांची रोशनदानं उघडी होती, एवढाच फरक.

मी जेवायला घरी आलो. दाराला आतून कडी. कितीतरी वेळ ठोठावल्यावर शैलाने उघडलं आणि ती उंबऱ्यातच कोसळली, ओकली. मनू पलंगावर निपचित. मी तिला उचलून जिन्यात पळालो. बाहेरच्या गारठ्यात ती रडली तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दोघींना डॉक्टरांकडे पोचवण्याच्या गडबडीत मी खोलीकडे नीट पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी पाहिलं. थर्मोकोल भिंतीला टेकवलेला. रोशनदान सताड उघडं. खिळे कठड्यावर, ओळीने.

शैलाला विचारलं. ती म्हणाली, "माताजी होत्या ना. स्टुलावर चढल्या होत्या. मी म्हणत होते, पडाल हो... पण तोंडातून आवाजच फुटेना."

डॉक्टर म्हणाले, धुराच्या गॅसने असे भास होतात. असतील. पण मग खिळे?

कानपूरला जाऊन माताजींचे पाय धरायचे, असं मी त्याच रात्री ठरवलं. त्याआधीच त्यांचा मुलगा आला. डोकं मुंडलेलं.

"दोपहर में गईं अम्मा," तो म्हणाला. वार सांगितला, तीच दुपार होती. "आँगन में बैठी थीं, खुले में. अचानक साँस उखड़ गई. बोलीं, रोशनदान खोलो. मैंने कहा अम्मा, आप तो आँगन में हैं. बोलीं... कील बहुत कसी है."

त्यानेच मग सांगितलं की त्याचे वडील आमच्याच खोलीत गेले. थंडीत, बंद दाराआड, अंगीठीपाशी. ते रोशनदान माताजींनी त्यानंतर भिंत फोडून करवून घेतलं होतं. भाडेकरूला हे कोण सांगणार? त्यांनी फक्त ‘मत छेड़िएगा’ एवढंच सांगितलं.

शैलाने चहा केला, मुलगा तो प्यायला, हात जोडून गेला. त्या घरात असेपर्यंत आम्ही ती झडप कधी लावली नाही. पण कोणी काढले ते खिळे, कसे काढले, मला आजही ठाऊक नाही.

कानपूरला जाऊन म्हणायचं वाक्य मी शैलाकडून दुरुस्त करून घेतलं होतं, पुन्हा पुन्हा घोकलं होतं. अजून पाठ आहे. "माताजी, हमसे बहुत बड़ी ग़लती हुई. आप घर चलिए... यह नई चाबी भी आप ही रखिए."