मोहोर कुणामुळे गळला

मी बोरिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि माझे बाबा हवामानबदल मानत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मी स्टाफरूममध्ये हसून सांगायचे आणि चारकोपला घरी आले की त्यांच्याशी भांडायचे.

बाबा अडाणी नाहीत. मिल बंद पडल्यावर त्यांनी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत मशीन चालवलं. आजही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. पण हवामानाची बातमी आली की पेपरच बाजूला ठेवायचे. "उन्हाळो काय आजच इलो? आमच्या टायमाक काय बर्फ पडत होतो?" मी तक्ते दाखवायचे, ते चष्मा काढून ठेवायचे. माझा स्वभाव तापट. एकदा तर मी म्हटलं, "बाबा, नववीतल्या पोरांनाही कळतं हो हे!" आईने डोळे वटारले.

गावाला आमची हापूसची थोडी कलमं आहेत. ती बाबांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, बघायचा. दर मे महिन्यात त्याच्याकडून आंब्याच्या पेट्या यायच्या. मग एका वर्षी एकच पेटी आली, पुढच्या वर्षी तीही नाही. काका फोनवर सांगायचा, थंडी पडलीच नाही, अवेळी पावसात मोहोर काळा पडला. बाबांना ते पटेना. गावातला भाऊ मुंबईतल्या चाकरमान्याला गंडवतो, ही आमच्याकडची जुनी शंका. "आंबे विकल्यान आणि माका पावसाचां नाव सांगता," ते म्हणाले. फोन बंद झाले. चार वर्षं दोघं बोलले नाहीत, आणि गेल्या साली काका गेला.

हे सगळं मला माहीत होतं. तरी या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. म्हणे भूगोलाची बाई!

यंदा मार्चमध्ये आमची पुन्हा जुंपली. मला जिंकायचंच होतं, म्हणून मी त्यांच्या ओळखीचं उदाहरण काढलं. "कोकणातच बघा ना. थंडी पडत नाही, अवेळी पाऊस येतो, मोहोर गळतो. कितीतरी बागांचं हेच होतंय. यात बाग राखणाऱ्याची काय चूक?"

बाबा हळूच म्हणाले, "म्हणजे तो खरां बोलत होतो?"

इतकी वर्षं मी त्यांना हट्टी म्हणत होते आणि ते बिचारे भावाशी धरलेला अबोला सांभाळत होते. माझं शास्त्र मान्य केलं असतं, तर काका निर्दोष ठरला असता.

"तसं एकेका झाडाचं नक्की नाही सांगता येत, बाबा," मी घाईघाईने म्हटलं. "रोगही पडला असेल. फवारणी चुकली असेल." वर्गात कुणी विषय असा टाळला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"शास्त्र रवांदे गो," ते म्हणाले. "तो फोनार सारखो सांगत होतो, दादा, एकदा येऊन कलमां बघ. मी गेलंय नाय."